शरणपूर ते फ्रिअरटाउन

प्रस्तावना

प्रवासवर्णन हा गद्यप्रकार तुमच्या परिचयाचा आहे. प्रवासवर्णनात स्थळांची माहिती असते, तसेच ती स्थळे पाहणाऱ्या माणसाचे मनही असते. प्रस्तुत पाठ हा नाशिक येथील एका ख्रिस्तमंडळीच्या चौदा सभासदांनी २०२५ च्या फेब्रुवारी महिन्यात पूर्व आफ्रिकेतील केनिया या देशाला दिलेल्या भेटीचा वृत्तान्त आहे. लेखिका निवृत्त शिक्षिका आहेत. तेथील मिशनच्या शाळा व रुग्णालये पाहावीत आणि यथाशक्ती मदत करावी, या हेतूने ही मंडळी निघाली होती. तेथे पोहोचल्यावर काय घडले, ते आता त्यांच्याच शब्दांत वाचा.

मूळ पाठ

नाशिकमध्ये शरणपूर रोड नावाचा एक गजबजलेला रस्ता आहे. बँका, दवाखाने आणि कपड्यांची दुकाने यांनी तो भरून गेलेला असतो. या रस्त्याने मी तीस वर्षे शाळेत ये-जा केली. परंतु ज्या शरणपूरवरून त्याला हे नाव पडले ते शरणपूर काय होते, हा विचार माझ्या मनात क्वचितच आला. शरण आलेल्यांचे पूर ते शरणपूर, एवढे मला ठाऊक होते. तेथे शरण आलेल्यांत आफ्रिकेतील मुलेही होती, हे मात्र आमच्या पाळकांनी एका रविवारी उपासनेनंतर सांगितले तेव्हाच मला प्रथम कळले.

एकोणिसाव्या शतकात पूर्व आफ्रिकेच्या आतील मुलखातून माणसे पकडून आणली जात आणि किनाऱ्यावरील बाजारांत गुलाम म्हणून विकली जात. तेथून गलबतांत कोंबून त्यांना अरबस्तानाकडे आणि इराणच्या आखाताकडे नेत. ब्रिटिश आरमाराच्या गस्तीच्या नौका अशी गलबते अडवीत. त्यांतून सोडवलेल्या मुलांपैकी काही मुंबईच्या बंदरात उतरवली जात. त्यांना परत कोठे पाठवायचे? गाव जळालेले, आईवडील मेलेले किंवा विकले गेलेले, आणि आपल्या गावाची दिशासुद्धा मुलांना सांगता येत नसे. यांपैकी अनेक मुलांना नाशिकजवळ शरणपूर येथे चर्च मिशनरी सोसायटीने चालवलेल्या आश्रमात आणले गेले. तेथे ती लिहायला-वाचायला शिकली. सुतारकाम, लोहारकाम, गवंडीकाम शिकली. गोदावरीच्या काठी, मराठी मुलखात लहानाची मोठी झाली.

त्यांपैकी एकाचे नाव जगाच्या इतिहासात नोंदले गेले आहे. जेकब वेनराइट हा तरुण १८७२ मध्ये प्रसिद्ध संशोधक डॉ. डेव्हिड लिव्हिंगस्टन यांच्या तुकडीत सामील झाला. १ मे १८७३ रोजी आजच्या झांबियातील चितांबोच्या गावी लिव्हिंगस्टन वारले. त्यांच्या सोबत्यांनी त्यांचे हृदय तेथेच एका झाडाखाली पुरले. त्या वेळी अंत्यविधीच्या प्रार्थना जेकबने वाचल्या आणि झाडाच्या खोडावर नाव व तारीख त्यानेच कोरली. मग त्या सोबत्यांनी देह वाळवून, कापडात गुंडाळून, महिनोनमहिने चालत समुद्रकिनाऱ्यापर्यंत आणला. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत लिव्हिंगस्टन यांचे दफन झाले, तेव्हा शवपेटीबरोबर चालणाऱ्यांत जेकबही होता. त्याची अक्षरओळख नाशिकची होती.

पाळकांचे हे निवेदन ऐकून मंडळीत चर्चा सुरू झाली. दोन वर्षे बेत आखण्यात गेली. अखेर चौदा जण निघालो. त्यांत पाळक होते, आमचे खजिनदार होते, दोन महाविद्यालयीन विद्यार्थी होते. आणि आयुष्यभर मिशनच्या रुग्णालयात परिचारिका म्हणून काम करून निवृत्त झालेल्या एक बाई होत्या, ज्यांना आम्ही सारेच मावशी म्हणत असू. मंडळीने जमवलेला पावणेचार लाख रुपयांचा निधी आमच्याजवळ होता. प्रत्येकाच्या सामानात पेन, वह्या, खडूच्या पेट्या होत्या. आम्ही द्यायला निघालो होतो, ही भावना आमच्या मनात पक्की होती. हे मी मुद्दाम लिहून ठेवते.

नैरोबीला उतरल्यावर दुसऱ्या दिवशी आम्ही मोंबासाला जाणारी आगगाडी धरली. हा नवा लोहमार्ग २०१७ मध्ये सुरू झाला. त्याच्याजवळून जुना मार्ग जातो. तो १८९६ ते १९०१ या काळात बांधला गेला आणि त्यासाठी हिंदुस्थानातून, विशेषतः पंजाबातून, तीस हजारांहून अधिक मजूर नेण्यात आले होते. खिडकीतून त्सावोची तांबडी माती दिसत होती. समुद्र जवळ आला तशी गोरखचिंचेची प्रचंड, फुगीर बुंध्याची झाडे दिसू लागली. डब्यात शेजारी बसलेल्या एका बाईंनी आम्हांला स्वाहिली भाषेचे चार शब्द शिकवले. ‘चाय’ आणि ‘चपाती’ शिकवण्याची गरजच नव्हती. पुस्तकाला ‘किताबू’, जगाला ‘दुनिया’, रंगाला ‘रंगी’, गाडीला ‘गारी’. विम्याला काय म्हणतात असे खजिनदारांनी विचारले, तर उत्तर आले, ‘बिमा’. सगळे हसलो. हा शब्द पुढे आम्हांला निराळ्या ठिकाणी, निराळ्या सुरात ऐकू येणार होता.

मोंबासा हे बेटावर वसलेले शहर आहे. बेटावरून न्याली पूल ओलांडून मुख्य भूमीवर गेले, की ज्या भागात फ्रिअरटाउन होते तो भाग लागतो. मुंबईचे गव्हर्नर राहिलेले सर बार्टल फ्रिअर यांच्यावरून हे नाव पडले. झांजिबारच्या सुलतानाशी गुलामांचा व्यापार बंद करण्याविषयी बोलणी करण्यासाठी ते १८७३ मध्ये गेले होते आणि त्याच वर्षीच्या ५ जून रोजी सुलतानाने तहावर सही केली. मुक्त झालेल्यांच्या वसाहतीसाठी मिशनला अनुभवी माणसे हवी होती. ती मिळाली नाशिकमध्ये. शरणपूरचा कारभार पाहिलेले विल्यम सॉल्टर प्राइस यांना मोंबासाला धाडण्यात आले आणि त्यांच्या मागोमाग शरणपूरला वाढलेले शंभराहून अधिक आफ्रिकन स्त्रीपुरुष परत आपल्या खंडात गेले. तेथे त्यांना ‘बॉम्बे आफ्रिकन’ म्हणत. कोणी शिक्षक झाले, कोणी सुतार, कोणी धर्मोपदेशक.

आज तेथे वसाहतीची फारशी खूण नाही. रहदारीच्या चौकाजवळ घंटेचा एक लहानसा मनोरा उभा आहे. गुलाम पकडणाऱ्यांची गलबते येताना दिसली, की ही घंटा वाजवून लोकांना सावध केले जाई. स्वाहिलीत घंटेला ‘केंगेले’ म्हणतात. म्हणून त्या चौकाचे नाव केंगेलेनी, म्हणजे घंटेपाशी. तेथील प्रवासी गाड्यांचे वाहक दिवसभर ‘केंगेलेनी, केंगेलेनी’ असे ओरडत असतात. आम्ही चौदा जण मनोऱ्याभोवती उभे राहून फोटो काढीत होतो आणि त्या गर्दीला आमच्या उभे राहण्याचा अडथळा होत होता. एका शाळकरी मुलाने आमच्याकडे बोट दाखवून ‘वाहिंदी’ म्हटले. वाहिंदी म्हणजे हिंदुस्थानी लोक. या किनाऱ्यावर तो शब्द बहुधा दुकानदारांना लावला जातो. आमच्याविषयी मुलाचा तोच समज झाला असावा, आणि त्यात त्याची काही चूक नव्हती.

मोंबासाच्या वायव्येस, टेकड्यांवर रबाई हे गाव आहे. त्याच्या आसपास मिजिकेंदा लोकांची पवित्र वने आहेत. त्यांना ‘काया’ म्हणतात. २००८ मध्ये युनेस्कोने त्यांचा जागतिक वारशात समावेश केला. आपल्याकडच्या देवरायांची आठवण व्हावी अशी ती घनदाट राने. याच टेकडीवर जर्मन मिशनरी योहान लुडविग क्राफ आणि योहानेस रेबमान यांनी १८४६ मध्ये आपले ठाणे उभारले. त्याआधी दोन वर्षांपूर्वी, मोंबासाला आल्यावर थोड्याच महिन्यांत, क्राफ यांची पत्नी आणि नुकतीच जन्मलेली मुलगी तापाने दगावली होती. जुन्या चर्चच्या वास्तूत आता संग्रहालय आहे. क्राफ आणि रेबमान यांची घरेही उभी आहेत.

परंतु आमचे लक्ष निराळ्या नावांकडे होते. इश्माएल सेमलर, विल्यम जोन्स आणि जॉर्ज डेव्हिड हे तिघे शरणपूरचे विद्यार्थी. फ्रिअरटाउन वसण्यापूर्वीच, १८६० च्या दशकात ते रेबमान यांच्या मदतीला रबाईत आले होते. जोन्स आणि सेमलर यांना १८८५ मध्ये बिशप हॅनिंग्टन यांनी धर्मसेवेची दीक्षा दिली. त्याच वर्षी हॅनिंग्टन युगांडाकडे निघाले तेव्हा जोन्स त्यांच्या तांड्यात होते. वाटेत हॅनिंग्टन मारले गेले. तांड्यातील मागे राहिलेल्या माणसांना शेकडो मैल चालवत जोन्स यांनी रबाईला सुखरूप परत आणले.

यापेक्षाही त्यांचे एक काम मला मोठे वाटते. किनाऱ्यावरील मळ्यांतून पळालेले गुलाम रबाईत आश्रयाला येऊ लागले. तहाने समुद्रावरचा व्यापार थांबवला होता, पण जमिनीवर गुलाम बाळगणे अजून कायदेशीर होते. ते बंद व्हायला १९०७ साल उजाडावे लागले. पळालेल्यांना ठेवून घेऊ नये, असा मिशनच्या वरिष्ठांचा दंडक होता, कारण मालकांशी आणि सुलतानाशी वैर पत्करणे त्यांना परवडणारे नव्हते. जोन्स स्वतः बालपणी गुलाम म्हणून विकले गेले होते. त्यांच्या दाराशी आलेल्यांना ते परत पाठवू शकले नाहीत. संख्या वाढत गेली. मालकांनी हल्ल्याची धमकी दिली. अखेर मालकांना पैसे देऊन तडजोड झाली आणि १ जानेवारी १८८९ रोजी रबाईत हजाराहून अधिक माणसांना मुक्ततेचे दाखले मिळाले. भरपाई मालकांना मिळाली, गुलामांना नव्हे. हेही नमूद करायला हवे. आणि एवढे सारे करूनही या नाशिककर आफ्रिकनांना गोऱ्या सहकाऱ्यांनी बरोबरीने वागवले असे नाही. त्यांच्या पगाराच्या व मानाच्या तक्रारी मिशनच्या जुन्या कागदपत्रांत आहेत.

टेकडीच्या परिसरातील एका प्राथमिक शाळेत आम्ही एक सकाळ घालवली. केनियात २००३ च्या जानेवारीपासून सरकारी प्राथमिक शिक्षण निःशुल्क झाले आणि वर्ग एकाएकी भरून गेले. या शाळेत एका वर्गात मी सत्तर मुले मोजली. तीन मुलांत एक पुस्तक होते, पण फळ्यावरचे अक्षर सुरेख होते. आमच्या वह्या आणि पेन मुख्याध्यापकांनी सौजन्याने स्वीकारले आणि कपाटात ठेवले. ‘येथे वाटू नका,’ ते म्हणाले, ‘तुमच्यापाशी चारशे आहेत आणि मुले सहाशे आहेत.’ आमच्या दोन विद्यार्थ्यांचे चेहरे उतरले. त्यांनी वाटप करतानाचा फोटो आधीच मनात काढून ठेवला होता.

याच मुख्याध्यापकांनी किमानी मारुगे यांची हकीकत सांगितली. शिक्षण निःशुल्क झाल्याचे ऐकून हे आजोबा २००४ च्या जानेवारीत, वयाच्या ८४ व्या वर्षी, एल्डोरेत गावाजवळच्या शाळेत गणवेश घालून पहिलीत जाऊन बसले. पवित्र शास्त्र स्वतः वाचता यावे, अशी त्यांची इच्छा होती. पाळक जे सांगतात ते खरोखरच त्या पुस्तकात आहे का, हे त्यांना पाहायचे होते. हे ऐकताना आमचे पाळकही मोकळेपणाने हसले.

मग मुख्याध्यापकांनी विचारले, ‘नाशिकला त्यांची शाळा अजून आहे का? त्या मुलांची आठवण तुम्ही कशी ठेवली आहे?’

चौदा माणसांत कोणालाही उत्तर देता आले नाही. शाळेची नेमकी जागा आमच्यापैकी कोणी दाखवू शकला नसता. ‘त्या नावाचा रस्ता आहे,’ असे मी म्हणाले. ते शब्द मला स्वतःलाच अपुरे वाटले.

त्यानंतरचे दोन दिवस आम्ही चर्चच्या एका रुग्णालयात होतो. त्याचे नाव मी देत नाही, कारण तेथे ऐकलेली अडचण एकट्या त्या संस्थेची नाही. लांबट कौलारू दालने, मधल्या अंगणात वाळत घातलेल्या चादरी, झाडाखाली नातेवाइकांच्या चुली. मावशी फाटकातून आत शिरल्या आणि म्हणाल्या, ‘हे तर आपलेच रुग्णालय आहे.’ जंतुनाशकाच्या वासावरून त्यांनी शस्त्रक्रियागृहाची दिशा न विचारता ओळखली. तेथील सिस्टरांशी त्यांची मैत्री व्हायला पाच मिनिटेही लागली नाहीत. दोघींच्या इंग्रजीत भाषेचा भाग थोडा आणि हातवाऱ्यांचा फार होता.

वैद्यकीय अधीक्षक एक तरुण डॉक्टरबाई होत्या. त्यांनी आम्हांला प्रथम कोठार दाखवले. त्यात निरनिराळ्या देशांतील पाहुण्यांनी दिलेली यंत्रे रांगेने उभी होती. एक यंत्र ११० व्होल्टवर चालणारे होते, तर तेथील वीज २४० व्होल्टची. दुसऱ्याचा एक लहानसा भाग तुटला होता. तो बनवणारा कारखाना बंद झाला होता. तिसरे उत्तम होते, पण त्याला लागणारे रसायन दर महिन्याला विकत घेणे रुग्णालयाला झेपणारे नव्हते. प्रत्येक यंत्रावर दात्याच्या नावाची पितळी पट्टी होती आणि पट्ट्या मात्र चकचकीत होत्या. सफाई कामगार त्या नियमाने पुसत असावेत.

‘मग तुम्हांला कशाची गरज आहे?’ खजिनदारांनी विचारले.

डॉक्टरबाईंनी हिशेबाची वही काढली. रुग्णालयाचे बहुतेक उत्पन्न रुग्णांच्या शुल्कातून आणि विम्यातून येते. ऑक्टोबर २०२४ मध्ये सरकारने जुनी राष्ट्रीय आरोग्य विमा योजना बंद करून नवी सुरू केली. जुन्या योजनेकडचे येणे थकले होते आणि नव्या योजनेत सर्वांची नावे नीट नोंदली गेली नव्हती. औषधांच्या बाबतीत त्यांना चिंता कमी होती. प्रोटेस्टंट आणि कॅथलिक मंडळ्यांनी मिळून १९८६ मध्ये ‘मेड्स’ नावाची संस्था काढली. ती औषधे एकत्रित खरेदी करून, त्यांची गुणवत्ता तपासून चर्चच्या रुग्णालयांना पुरवते. दोन पंथांनी एकाच कोठारातून औषध घ्यावे, ही गोष्ट मला फार आवडली. पण औषध स्वस्त मिळाले तरी त्याचे पैसे द्यावेच लागतात. सिस्टरांचे पगारही द्यावे लागतात.

बाहेरच्या बाकावर एक तरुण बसला होता. तो मोटारसायकलवरून प्रवासी नेण्याचा धंदा करी. तेथे त्या गाड्यांना ‘बोडाबोडा’ म्हणतात. अपघातात त्याचा पाय मोडला होता. तो आता बरा झाला होता आणि घरचे कपडे घालून, कुबड्या जवळ घेऊन बसला होता. बिलाचा निम्मा भाग राहिला होता. आई शेळी विकायला गेली होती. ‘बिमा?’ मावशींनी नुकताच शिकलेला शब्द वापरून विचारले. त्याने मान हलवली. जो रोजचे कमावून रोज खातो, त्याने वर्षाचा हप्ता एकदम भरावा असा त्या वेळी नियम होता. त्याने तो भरला नव्हता.

मावशी तडक डॉक्टरबाईंकडे गेल्या. ‘याचे बिल माफ का करीत नाही? हे देवाच्या नावाचे रुग्णालय ना?’ असे त्यांनी विचारले. मी दुभाषी होते. मला तो प्रश्न सौम्य करावासा वाटला, पण तसे मी केले नाही. डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. ‘मागच्या महिन्यात आम्ही एकोणीस जणांची बिले माफ केली,’ त्या म्हणाल्या. ‘त्या महिन्याचा पगार सिस्टरांना दोन आठवडे उशिरा मिळाला. त्यांतल्या दोघी सरकारी रुग्णालयात नोकरी मिळताच निघून गेल्या. आता रात्रपाळीला चाळीस खाटांमागे एक सिस्टर आहे. आज कोणाचे माफ करायचे, हे तुम्ही सांगा.’ मावशींनी आयुष्यभर अशाच रात्रपाळ्या केल्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत.

त्या रात्री अतिथिगृहाच्या पडवीत आमची बैठक झाली. आवाज चढले, हेही लपवण्याचे कारण नाही. खजिनदारांचे म्हणणे असे, की पैसे मंडळीचे आहेत. परत गेल्यावर लोकांना काहीतरी दाखवता आले पाहिजे. आपल्या विजेच्या दाबावर चालणारे आणि जवळ दुरुस्ती होऊ शकेल असे यंत्र निवडून घेऊ आणि त्यावर मंडळीचे नाव घालू. त्यांचे म्हणणे अगदीच अयोग्य नव्हते. लोकांनी दहा-दहा, पन्नास-पन्नास रुपये दिले होते; हिशेब द्यावाच लागतो. मावशी म्हणाल्या, ‘पगार दाखवता येत नाही, म्हणूनच तो कोणी देत नाही.’ पाळकांनी बराच वेळ दोन्ही बाजू ऐकल्या आणि मग मते घेतली. गरीब रुग्णांच्या निधीत आणि सिस्टरांच्या पगारखात्यात निम्मी-निम्मी रक्कम द्यावी, असे नऊ विरुद्ध पाच मतांनी ठरले. खजिनदारांनी सकाळी स्वतः पैसे भरले, पावती घेतली आणि ती जपून पाकिटात ठेवली. पट्टी कोठेच लागली नाही. त्यांची नाराजी मात्र परत येईपर्यंत गेली नाही.

परतीच्या वाटेवर आम्ही नैरोबीजवळच्या किकुयू येथे थांबलो. त्याचा धावता उल्लेख करते. स्कॉटलंडच्या मिशनने १८९८ मध्ये तेथे ठाणे हलवले. स्कॉटलंडच्या लोकांचे नाव स्थानिक उच्चारात ‘थोगोतो’ झाले आणि तेच गावाचे नाव पडले. तेथील रुग्णालय १९०८ पासूनचे आहे आणि त्याचा नेत्रविभाग देशभर नावाजलेला आहे. जवळच अलायन्स हायस्कूल आहे. प्रोटेस्टंट मिशनांनी १९२६ मध्ये एकत्र येऊन ते काढले आणि स्वतंत्र केनियाच्या पहिल्या मंत्रिमंडळातील अनेक जण तेथे शिकलेले होते. पण याच मुलखात १९२९ मध्ये मिशन आणि लोक यांच्यात मोठी फूट पडली. मुलींच्या सुंतेची प्रथा सोडल्याचे लेखी द्यावे, असा मिशनांनी आग्रह धरला. प्रथा घातक होती, यात शंका नाही. परंतु जमिनी गोऱ्यांनी बळकावल्या असताना आता घरातलेही तेच ठरवणार, या संतापाने हजारो लोक चर्च आणि शाळा सोडून गेले आणि त्यांनी स्वतःच्या शाळा बांधल्या. १९३९ मध्ये गिथुंगुरी येथे त्यांनी शिक्षक घडवणारे महाविद्यालयही काढले. पुढे देशाचे नेते झालेले जोमो केन्याटा हे थोगोतोच्या मिशनशाळेचे विद्यार्थी. गिथुंगुरीचे प्रमुखपदही त्यांनी सांभाळले. सरकारने आणीबाणीच्या काळात, १९५० च्या दशकाच्या आरंभी, या शाळा बंद केल्या.

नाशिकला परतल्यावर मंडळीपुढे वृत्तान्त सादर झाला. खजिनदारांनी पावती वाचून दाखवली. प्रश्न फारसे आले नाहीत.

जून महिन्यात रबाईच्या मुख्याध्यापकांचा फोनवर निरोप आला. शरणपूरचा एखादा फोटो मिळेल का, असे त्यांनी विचारले होते. इतिहासाच्या तासाला मुलांना दाखवायचा होता. मी छत्री घेऊन बाहेर पडले. पाऊस भुरभुरत होता. रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले. कशाचा फोटो काढावा? बँकेचा? दुकानांच्या रांगेचा? ज्यांना विचारले त्या तिन्ही वयस्कर माणसांनी आफ्रिकन मुलांविषयी काही ऐकले नव्हते. एकाने मला घरात बोलावून चहा दिला आणि सारी हकीकत माझ्याकडूनच ऐकून घेतली. शेवटी रस्त्याच्या नावाच्या पाटीचा फोटो काढला आणि पाठवून दिला.

चार दिवसांनी उत्तरादाखल एक फोटो आला. रबाईच्या त्या वर्गातल्या फळ्यावर कोणा मुलाने पाटीवरची देवनागरी अक्षरे पाहून उतरवली होती. ‘श’ उलटा झाला होता. ‘पू’चा उकार मात्र बरोबर होता. खाली मुख्याध्यापकांनी विचारले होते, की यातले पहिले अक्षर कसे उच्चारायचे. मी माझा आवाज ध्वनिमुद्रित केला, ‘श, शरणपूरचा श,’ आणि तो त्यांना पाठवला.

स्वाध्याय

१. शरणपूरच्या आश्रमात आफ्रिकन मुले कशी आली, ते तुमच्या शब्दांत सहा-सात ओळींत लिहा.

२. विल्यम जोन्स यांनी वरिष्ठांचा दंडक मोडला. त्यामागचे कारण पाठाच्या आधारे स्पष्ट करा.

३. ‘पगार दाखवता येत नाही, म्हणूनच तो कोणी देत नाही.’ हे वाक्य कोण, कोणत्या प्रसंगी म्हणाले? खजिनदारांची बाजू तुम्हांला पटते का? कारणे द्या.

४. पाठात आलेले स्वाहिली शब्द शोधा. त्यांपैकी मराठीशी जवळीक असलेले शब्द वेगळे लिहा.

५. तुमच्या गावातील किंवा शहरातील एखाद्या रस्त्याचे अथवा वस्तीचे नाव कसे पडले, हे वडीलधाऱ्या माणसांना विचारून माहिती मिळवा आणि दीडशे शब्दांत लिहा.